घरून नेलेली हवा

वाळूत गाडी घालायची तर डिझेल, पाणी आणि हवा या तीन वस्तू घरून न्याव्या लागतात. पहिल्या दोन तुम्हाला कुणीही सांगेल. तिसरीबद्दल आमचे ड्रायव्हर बोलत नाहीत, विषय निघाला की चहा संपवून उठतात. मी बोलते. माझं तोंड बंद करायचा प्रयत्न माझ्या वडिलांपासून अनेकांनी केला आणि सगळे दमले. तुम्हाला खाणीचं काम मिळालंय, आता रोज वाळूतून ये-जा करणार, रस्ता विचारायला माझ्याकडे आलात. तर रस्त्याबरोबर हेही ऐकून जा.

कडक टायर वाळूत रुततो. म्हणून वाळू सुरू होते तिथे टायरांमधली हवा निम्म्याच्या खाली आणायची. जुनी चप्पल पसरते तसा टायर पसरतो आणि गाडी वरून निघते. पलीकडे खाणीचा दगडी रस्ता लागला की हवा परत भरायची, नाहीतर टायर फाटतात. मध्ये ना दुकान, ना माणूस. म्हणून प्रत्येक गाडीत सीटच्या मागे हवेची टाकी बसवलेली असते. वाळूच्या तोंडाशी एक रंगवलेलं पिंप आहे. तिथे पोचलं की शेजारी बसलेला विचारतो, "आपली आहे?" ड्रायव्हर मागे हात नेऊन टाकीवर बोटांनी ठोकतो आणि म्हणतो, "आपली आहे." एकटा असेल तर स्वतःच विचारतो आणि स्वतःच उत्तर देतो. लग्नानंतर पहिल्यांदा मी हे ऐकलं तेव्हा खूप हसले. सासूबाई म्हणाल्या, "हस खुशाल, पण ठोक."

सासूबाईंना मी आई म्हणते. घरात आम्ही तिघं. गाडी एक, ड्रायव्हर दोन: नवरा आणि मी, आळीपाळीने. आणि आम्हा दोघांना हाकणाऱ्या आई. बाकीचे ड्रायव्हर मला फौजदार म्हणतात. त्यांनी आईंना जवळून पाहिलेलं नाही, नाहीतर मला हवालदारच म्हणाले असते.

मी बहिणीकडे गेले होते त्या दिवसांत खाणीतून निरोप आला की पाण्याच्या यंत्राचे लोखंडी पाइप तातडीने हवेत. पाइप लांब, गाडीत मावेनात. नवऱ्याने काय करावं? सीटमागची टाकी नट काढून उतरवली, शेडमध्ये ठेवली आणि तिच्या जागी पाइपांची टोकं घुसवली. एकदाच तर जायचंय, म्हणाला. स्टेपनी आदल्या फेरीत फाटलेली, तीही घेतली नाही. आईंनी दारातून विचारलं, तर हा म्हणाला, आहे आहे, सगळं आहे. पिंपापाशी त्याने मागे हात नेला आणि पाइपांवर ठोकलं. हे त्यानेच मला नंतर सांगितलं, तेव्हा त्याला हसायचं होतं, पण हसण्याइतका दम राहिला नव्हता.

वाळूच्या मधोमध जमीन खोलगट होते. ड्रायव्हर तिला वाटी म्हणतात. बाहेर कितीही वारा असो, वाटीत पान हलणार नाही, पण धूळ मात्र हवेत तशीच लटकलेली असते, कुणीतरी आत्ताच झाडून गेल्यासारखी. तिथे भर दुपारी त्याने एक वळण जोरात घेतलं. मऊ टायरवर जोरात वळू नये हे माहीत असलेल्या माणसाने घेतलं. पुढचा डावीकडचा टायर रिमवरून सुटला. टाकी घरी, स्टेपनी घरी, आणि हा एकटा.

तेव्हा धुळीतून एक माणूस आला. म्हणाला, "भरून देऊ?"

नवरा हो म्हणाला. कोण म्हणणार नाही? त्या माणसाकडे पंप नव्हता, नळी नव्हती, काहीच नव्हतं. तो चाकापाशी उकिडवा बसला आणि त्याने व्हॉल्व्हला तोंड लावलं.

पुढचं नवऱ्याने मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, तीन उशांना टेकून. "तो फुंकत होता... टायर फुगत होता. पण दम घ्यायला थांबला की... ओढायचा माझ्यातून. मी लांब उभा होतो गं. तरी माझ्यातून." टायर रिमवर चढून बसला. त्या माणसाने तोंड पुसलं आणि तो धुळीत परत गेला. नवऱ्याने पाइप खाणीत पोचवले, गाडी घेऊन घरी आला, आणि अंगणातून घरात यायच्या आधी तीनदा बसला.

मी परत आले तेव्हा तो अर्धाच उरला होता. अंगाने नाही, श्वासाने. श्वास आत जायचा आणि मध्येच कुठेतरी थांबायचा, जिन्याच्या पायऱ्या अर्ध्यावर संपाव्यात तसा. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला, दोनदा उलटासुलटा केला, म्हणाले, फुप्फुसं लहान मुलासारखी स्वच्छ आहेत. मग बाहेर बोलावून मला म्हणाले, शरीर इतके कष्ट करून फार काळ टिकत नाही, तयारीत राहा. मी म्हटलं, कसली तयारी, ती मी करणार नाही. डॉक्टरांना वाईट वाटलं असेल. वाटू दे.

आई रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसायच्या. "जन्मात इतका गप्प कधी बसला नव्हता," एवढंच म्हणायच्या, आणि तोंड फिरवायच्या.

टायरची भानगड माझ्या लक्षात आली ती गाडी धुताना. बाकीच्या तीन टायरांत वाळूतली कमी हवा तशीच, आणि हा चौथा दगडासारखा कडक. हवा सोडावी म्हणून व्हॉल्व्हची पिन दाबली. फुस्स नाही. पिनच फिरवून बाहेर काढली. भोक उघडं, बोट लावलं, तरी हवा येईना, आणि टायर मात्र तसाच ताठ. खिळा ठोकला, खिळा वाकला. शेवटी मी भोकाला कान लावला.

आत कुणीतरी श्वास घेत होतं. सावकाश, झोपेतल्यासारखं, आणि प्रत्येक श्वासाच्या शेवटी बारीक शीळ. लहानपणी नाक मोडल्यापासून माझ्या नवऱ्याच्या नाकात ही शीळ आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने मला झोपू दिलं नाही आणि नंतर तिच्याशिवाय मला झोप आली नाही. मी गाडीखालच्या चिखलात बसून राहिले. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण भीतीपेक्षा जास्त राग आला. माझ्या माणसाचा श्वास, आणि तो माझ्याच गाडीच्या चाकात कोंडून ठेवायचा?

वाळूच्या तोंडाशी टायरवाल्याचं दुकान आहे. त्याला जाऊन धरलं. तो आधी ऐकून न ऐकल्यासारखं करत होता, मी पाना हातात घेतल्यावर बोलायला लागला. म्हणाला, ही हवा जिथे भरली तिथेच सुटते. वाटीत जायचं आणि पिन काढायची, ज्याचा श्वास त्याला परत मिळतो. आधी दोघांनी हे केलंय. मग ते दोघं कुठे आहेत, मी विचारलं. तो म्हणाला, हवा सोडली की गाडी रिकाम्या टायरवर बसते. मग तो येतो आणि विचारतो, भरून देऊ? तिथे नाही म्हणणार कसं? टाकी न्यायची ना, मी म्हटलं. न्यायची, तो म्हणाला, पण त्या दोघांनी टाकी इथे भरली, माझ्या दुकानात. इथली हवा म्हणजे वाळूचीच हवा. तिथे नळी उघडली तर नुसती धूळ आली.

म्हणजे घरून नेली पाहिजे, एवढंच ना? एवढंच, तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता हातातली ट्यूब पाण्यात बुडवत राहिला.

मग काय, घरी येऊन शेडमधली टाकी परत सीटमागे घट्ट आवळून बसवली. कॉम्प्रेसर आमचा विजेवर चालणारा, तो स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आणून लावला. टाकीत जाऊ दे म्हटलं आमच्या घरचीच हवा, फोडणीच्या वासासकट. काटा लाल रेघेपर्यंत चढवला. नवी स्टेपनी आणली. शेजारणीला नवऱ्यापाशी बसवलं. आणि निघताना बघते तर आई पुढच्या सीटवर पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसलेल्या.

"आई, तुम्ही उतरा."

"का? गाडी तुझ्या वडिलांनी दिली का?"

"तिथे काय होईल सांगता येत नाही."

"मग तर येतेच. एक डोकं गोंधळलं तर दुसरं हवं. आणि पोरगा माझा आहे, तुला नंतर मिळाला."

मी गाडी चालू केली. निघालो. खिडकीतून नवरा बघत होता, हात वर करायला गेला आणि अर्ध्यातूनच खाली ठेवला. मी आरशात बघितलंच नाही. पिंपापाशी थांबून तीन टायरांची हवा तपासली, चौथ्याला हात लावला नाही. आईंनी विचारलं, "आपली आहे?" मी मागे हात नेऊन जोरात ठोकलं, टाकी घणघणली. "आपली आहे, आई."

वाटीपर्यंत वारा होता. काचेवर वाळू तडतडत होती, आई रस्ता कमी आणि माझं चालवणं जास्त बघत होत्या आणि दोन्हींना नावं ठेवत होत्या. उतार लागला आणि वारा बंद झाला. इंजिनाचा आवाजही उशी दाबल्यासारखा बारीक झाला. ऊन डोक्यावर होतं, पण धुळीमुळे सगळं पिवळट, सावली कशालाच नव्हती. आणि वास. बरीच वर्षं बंद असलेल्या खोलीचं दार उघडल्यावर येतो तो वास, इतक्या उघड्या माळावर. आईंनी पदर नाकाला लावला.

मी उतरून आधी मागे गेले. घरून गच्च भरून आणलेली नवी स्टेपनी बाजूने फाटली होती. चीर नव्हती, फट होती, बरोबर तोंडाएवढी. कडा ओल्या होत्या.

मी परत आले, फळीवर जॅक लावला, डावं चाक उचललं. आईंना सांगितलं नाही, पण त्यांनी माझा चेहरा वाचला असणार. त्या खाली उतरून चाकाच्या पलीकडच्या बाजूला गुडघ्यांवर बसल्या. मी पिन फिरवली. या वेळी हवा आली.

पण सलग नाही आली. एक श्वास आला आणि थांबला. मग दुसरा. शेवटी शीळ. आईंनी हात पुढे करून तळवा भोकासमोर धरला, मुलाच्या अंगात ताप आहे का बघताना धरतात तसा. "त्याचाच आहे," त्या म्हणाल्या. "जा रे बाळा... घरी जा." मी दुसरीकडे बघत पाना घट्ट धरून उभी राहिले. किती वेळ लागला ते विचारू नका. टायर हळूहळू मऊ झाला आणि शेवटच्या श्वासाबरोबर रिमवरून सुटून लोंबला.

"भरून देऊ?"

तो बॉनेटच्या पलीकडे उकिडवा बसला होता. येताना दिसला नाही. साधा माणूस, तुम्ही बाजारात पाहिलात तर दुसऱ्यांदा बघणार नाही असा. शर्ट स्वच्छ, पण छातीच्या जागी आत गेलेला, आत काहीच नसल्यासारखा. ओठांभोवती काळा गोल वळ. तो बोलला तेव्हा त्याच्या तोंडासमोरची धूळ हलली नाही.

माझे पाय गार पडले. पण तोंड माझं कधी गार पडलेलं नाही. "आपली आहे," मी म्हटलं, आणि टाकीची नळी ओढून व्हॉल्व्हला लावली.

सुटलेला टायर रिमवर बसवायचा तर हवा एकदम, धक्क्याने द्यावी लागते. थोडी थोडी दिली तर कडेने निघून जाते. मी नळीचा खटका पूर्ण दाबला. घरची हवा धावून आली, तिच्याबरोबर फोडणीचा वास आला, आणि त्या मेलेल्या खोलीच्या वासात तो इतका जिवंत वाटला की मला रडू आलं. टायर हलला, फुगला, आणि कडेने सगळी हवा फुसकन निघून गेली. रिमच्या खाचेत वाळू होती. काटा निम्म्यावर.

"भरून देऊ?" आता तो चाकाच्या थोडा जवळ होता. उठताना मला दिसला नाही.

"ऐकू येत नाही का? आपली आहे."

पदराने खाच पुसून काढली. आई म्हणाल्या, मी पलीकडून रबर दाबून धरते, तू सोड. दुसऱ्यांदा खटका दाबला. अलीकडची कड ठप्पकन बसली, पलीकडची निसटली. आईंना खोकला आला. धूळ नाकातोंडात जात होती, त्यांचा श्वास फुलला होता आणि मला तो इकडून ऐकू येत होता. काटा लाल रेघ सोडून पार खाली आला होता. एका वेळेपुरतं उरलं होतं, तेही जेमतेम.

"भरून देऊ?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो हसत नव्हता, रागावला नव्हता. त्याला घाईच नव्हती. आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. मी त्याला जे बोलले ते आईंसमोर बोलायला नको होतं. मग म्हटलं, "संपली तर चाकात वाळू भरीन, चिंध्या भरीन, रिमवर फरफटत नेईन गाडी. पण तुझी फुंकर माझ्या चाकात जाणार नाही. नाही म्हणजे नाही."

तो ऐकत राहिला. मग त्याने मान वळवली, माझ्याकडून पलीकडे. मी खाली वाकून खाच पुन्हा पुसत होते, चाक मध्ये होतं, आई मला दिसत नव्हत्या. त्याचा आवाज आला, तेच दोन शब्द, पण हळू. मी ओरडले, "आई, त्याच्याशी बोलू नका." त्या म्हणाल्या, "तू तुझं काम कर. सोड हवा."

मी खटका दाबला आणि दाबूनच धरला. टाकीतून हवा आली, मग पातळ झाली, मग नुसती सळसळ, आणि काटा शून्यावर टेकला. संपलं, असं मनात आलं न आलं तोच टायर ताठरला आणि पलीकडची कड ठप्पकन बसली. चाक टणक झालं. मी उभी राहिले तेव्हा तो माणूस बाजूला झाला होता, पाहुण्याला वाट द्यावी तसा. मी त्याच्या समोरून जॅक काढला, फळी उचलली, आईंना हाताला धरून गाडीत बसवलं, आणि इंजिन चालू करून मुद्दाम त्याच्या अंगावरून गेल्यासारखी गाडी काढली. तो हलला नाही. आरशात नुसती धूळ होती.

परतीच्या वाटेवर आई बोलत होत्या. माझी शिवी त्यांना आवडली म्हणाल्या. नवरा लहानपणी कसा होता, कुठे पडला, नाक कसं मोडलं, सगळं सांगितलं, कुठेही न थांबता. मी हसत होते, रडत होते, गाडी चालवत होते. मला वाटत होतं की आम्ही जिंकलो.

घरी पोचलो तर शेजारीण अंगणात धावत आली. भर दुपारी हा एकदम उठून बसला म्हणाली, आणि इतका लांब श्वास घेतला की तिला वाटलं, हा शेवटचा. मग म्हणाला, भूक लागलीय. आत गेले तर तो तीनही उशा खाली फेकून जेवत होता आणि मीठ कमी असल्याची तक्रार करत होता. मी त्याच्या पाठीवर डोकं ठेवून आत जाणारा श्वास ऐकत बसले. पूर्ण जात होता, तळापर्यंत, आणि शेवटी शीळ. त्या क्षणी मला दुसरं काही नको होतं.

आईंबद्दल पहिल्यांदा मला चहाने सांगितलं. त्यांना चहा उकळता लागतो आणि बशीत ओतून त्या फुंकर मारून पितात. आता बशी समोर ठेवून त्या बसून राहायच्या, साय धरेपर्यंत. एवढ्या वाफेतही फुंकर मारायच्या नाहीत. जिना चढताना दमायच्या नाहीत. पाण्याची कळशी मला मागे टाकून न्यायच्या. एकदा गाडीच्या आरशात बघून कपाळ पुसत होत्या, काच तोंडाच्या अगदी जवळ, आणि काचेवर श्वासाची वाफ उमटली नाही.

मी शेडमध्ये जाऊन डाव्या टायरला गेज लावलं. एवढ्याशा हवेने जो नुसता रिमवर बसायला हवा होता, तो दगडासारखा कडक होता. पिन काढली. काही आलं नाही. कान लावला. आत कुणीतरी घोरत होतं. दुपारी पदर तोंडावर घेऊन झोपल्यावर घोरतात तसं, मध्येच अडकून पुन्हा सुरू होणारं. आमच्या घराच्या भिंतींना पाठ असलेलं.

वळून बघितलं तर आई शेडच्या दारात.

"ऐकलंस?" त्या म्हणाल्या. "आता गप्प बस."

"तुम्ही त्याला हो म्हणालात."

"तुझी टाकी संपली होती. काटा मलाही दिसत होता."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू ऐकलं असतंस?"

"नाही."

"म्हणून."

मी विचारलं, त्याचा तर अर्धाच घेतला होता, तुमचा किती? त्या म्हणाल्या, म्हातारीकडे अर्ध्यात भागण्याएवढा होताच कुठे. हे सांगताना त्यांनी हसल्यासारखं केलं. मला रडायचं नव्हतं, तरी आलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. हात गरम होता, नेहमीचाच. "पोराला कळता कामा नये," म्हणाल्या. "तो लगेच वाळूत पळेल. बापावर गेलाय."

मी त्यांना तिथेच सांगितलं की मी परत जाणार. एक टाकी कमी पडली, तर दोन नेईन. दोन कमी पडल्या, तर गाडीत माणसं न बसवता नुसत्या टाक्या भरून नेईन. त्याला म्हणावं, तुला घाई नसेल तर मलाही नाही. आई म्हणाल्या, फौजदार म्हणतात ते उगाच नाही. पण येणार का विचारलं तर वळून घरात निघून गेल्या.

काल जेवताना नवरा काय म्हणाला ऐका. खुशीत होता, आता रोजच खुशीत असतो. म्हणाला, "आई, हल्ली तू घोरत नाहीस. चांगली शांत झोप लागते तुला." आईंनी माझ्याकडे बघितलं. मी ताट सारून उठले आणि खिडकीखाली येऊन कॉम्प्रेसर चालू केला. एक टाकी रात्रीतच भरली. ही दुसरी. उद्या उजाडल्याबरोबर निघणार आहे. तुम्हाला वाळूतून जायचंच आहे, तर चला माझ्या मागे, पण टाकी तुमच्या घरी भरून आणा.

तेवढं पुढे जाऊ नका, त्या नळीपासून बाजूला व्हा. कॉम्प्रेसर हवा ओढतो ते तोंड तिकडे आहे. मघापासून आई तिथे बसल्या आहेत. त्या तशाच बसतात हल्ली, यंत्र चालू झालं की. उकिडव्या, ओठ थोडे उघडे ठेवून. हाक मारली की तोंड मिटतात, आणि मग ओळखतात मला.